अंदाजपत्रकात एक रकाना कमी आहे

फेब्रुवारी संपत आला की स्थानिक पानावर एक बातमी ठरलेली असते. ‘कोणतीही करवाढ नसलेले शिलकी अंदाजपत्रक सादर.’ गावाचं नाव आणि आकडा तेवढा बदलायचा, बाकी मजकूर गेल्या वर्षीचा चालतो. त्याच पानावर खाली कुठेतरी दुसरी बातमी असते: वीजबिल थकल्यामुळे पथदिव्यांची जोडणी तोडली, ठेकेदारानं गटाराचं काम अर्धवट टाकलं, निवृत्त कर्मचारी थकीत रकमेसाठी उपोषणाला बसले. शिल्लक असलेल्या गावात हे कसं काय होतं, ते ना वरची बातमी सांगते ना खालची.

उत्तर तसं सोपं आहे. केंद्र सरकार तूट दाखवतं, राज्य सरकार दाखवतं, पण नगरपालिकेला किंवा महापालिकेला तुटीचं अंदाजपत्रक मांडण्याची मुभा नाही. तेव्हा ‘शिलकी’ या शब्दात कर्तबगारी काही नाही, ती सक्ती आहे. शिल्लक दाखवायचे मार्ग दोन. खर्च कापायचा, नाहीतर जमा वाढवून लिहायची. खर्च कापला की कुणाच्या तरी प्रभागातला रस्ता जातो, आरडाओरडा होतो. जमा वाढवून लिहिली तर त्या दिवशी कुणाचंच काही जात नाही.

आर्थिक शिस्तीचा विषय निघाला की आपण लगेच खर्चाकडे बोट दाखवतो. अभ्यासदौरे, सत्कार, चौकातल्या कमानी, नगरसेवकांच्या नावांची बाकडी. या गोष्टी चीड आणतात हे खरं, पण त्यांनी पालिका बुडत नाही. पालिका बुडते ती जमेच्या बाजूला, आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं, कारण न आलेल्या पैशाचा फोटो काढता येत नाही.

प्रत्यक्षात अंदाजपत्रक तयार कसं होतं ते पाहा. कायद्याप्रमाणे महापालिकेत आयुक्त अंदाज मांडतात, तो स्थायी समितीकडे जातो, तिथून सर्वसाधारण सभेकडे. प्रत्येक पायरीवर कामांची भर पडते आणि मग त्या कामांना पुरेल इतकी जमा शोधली जाते. शोधली म्हणजे लिहिली जाते. पुण्यात 2020-21 साठी आयुक्तांनी 6,229 कोटींचा अंदाज दिला, स्थायी समितीनं तो 7,390 कोटींवर नेला. पुढच्या वर्षी 7,650 कोटींचे 8,370 कोटी झाले. दोन बैठकांच्या मधे शहराचं उत्पन्न शेकडो कोटींनी वाढण्यासारखं काही घडलेलं नसतं. वाढते ती ‘स यादी’. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, ही नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची यादी. ज्यूटच्या पिशव्या, कचऱ्याचे डबे, दिशादर्शक फलक, सगळं हिच्यातून निघतं. मार्चअखेर या तरतुदी इकडून तिकडे वळवण्याच्या प्रस्तावांचा पाऊस पडतो, त्याला तिथे ‘वर्गीकरण’ म्हणतात.

पण सगळं खापर नगरसेवकांवर फोडायचं तर त्यांच्याशिवायचा काळही पाहायला हवा. मार्च 2022 पासून मुंबई-पुण्यासह बहुतेक महापालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. आयुक्तच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासक म्हणून आपणच ते मंजूर करायचं. बाकडी वाटणारं कुणी नव्हतं, तरी पुण्याचा आकडा 2023-24 मधल्या 9,515 कोटींवरून 2024-25 मध्ये 11,601 कोटींवर आणि त्यापुढच्या वर्षी 12,618 कोटींवर गेला. एका वर्षात पाचव्या हिश्श्याहून मोठी उडी! मोठा आकडा मांडण्याची हौस पदाधिकाऱ्यांना असते तशी अधिकाऱ्यांनाही असते.

जमा फुगवायला काही लाडकी लेखाशीर्षं असतात. पहिलं, थकबाकीची वसुली. घरपट्टीची जुनी बाकी यंदा निम्मी तरी येईल असं धरायचं. ती बाकी कोर्टात अडकलेली असते, नाहीतर पडलेल्या गिरणीच्या नावावर असते, नाहीतर एकाच मिळकतीला दोनदा आकारणी झाल्यानं तयार झालेली असते. दुसरं, बांधकाम विकास शुल्क, म्हणजे बांधकामाला परवानगी देताना पालिका घेते ती रक्कम. बांधकाम तेजीत असलेल्या एखाद्या वर्षी ते भरघोस येतं आणि मग तेच वर्ष कायमचं माप होऊन बसतं. तिसरं, सरकारी अनुदान, ज्याचं पत्रसुद्धा अजून आलेलं नसतं. आणि या सगळ्यांनी भागलं नाही तर ‘इतर जमा’ आहेच. अंदाजपत्रकातली सगळ्यात कल्पक ओळ ती.

त्यानंतर काय होतं? तरतूद आहे म्हणून निविदा निघते, निविदा निघाली म्हणून कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, दिला जातो, काम होतं, बिल लेखा विभागात येतं. तिजोरीत पैसे नसतात. समजा 100 रुपयांच्या तरतुदी केल्या आणि आले 70. तर 30 रुपयांची बिलं पुढच्या वर्षावर ढकलली जातात, पुढच्या वर्षी आणखी 30 ची भर पडते, आणि काही वर्षांनी नव्या अंदाजपत्रकातला बराचसा पैसा जुन्या कामांची देणी फेडण्यातच जातो. कार्यालयीन भाषेत याला ‘स्पिल ओव्हर’ म्हणतात. ठेकेदार काही भोळा नसतो. बिल दीड वर्षानं निघणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो दर भरतानाच दीड वर्षाचं व्याज धरतो, नाहीतर डांबरात वसूल करतो. कागदावरच्या खोट्या जमेची किंमत अशी खऱ्या रुपयांत मोजावी लागते.

या प्रकारातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते आणि नगरसेवकांच्या ती लक्षात कशी येत नाही याचं नवल वाटतं. तरतुदी पैशापेक्षा जास्त झाल्या की कुणाला तरी ठरवावं लागतं, कोणतं बिल आधी आणि कोणतं नंतर. हे सभागृहात ठरत नाही. ते लेखा विभागातल्या टेबलावर ठरतं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सातनंतर. खरं अंदाजपत्रक तिथे तयार होतं. सभागृहानं सगळ्यांना सगळं देऊन टाकलेलं असतं, म्हणून निवड करण्याचा अधिकार आपोआप त्याच्या हातून सुटतो आणि ज्याच्या हाती बिलांची रांग त्याच्याकडे जातो. आकडा फुगवून नगरसेवक आपली सत्ता वाढवत नाहीत, ती टेबलापलीकडे सोपवतात.

आणि रांगेत सगळ्यात मागे कोण उभं असतं? देखभाल-दुरुस्ती. नव्या जलतरण तलावाचं उद्घाटन असतं, जुन्या तलावाच्या गाळणयंत्राचं नसतं. आपल्याकडे गावोगावी बांधलेली आणि बंद पडलेली नाट्यगृहं आहेत. बांधताना कोटींची तरतूद झाली, पण वातानुकूलन यंत्रणेचं वीजबिल दरमहा कुठून द्यायचं याचा हिशेब त्या पुस्तिकेत कुठल्याच पानावर नव्हता.

आता शीर्षकातल्या रकान्याकडे येतो. तुमच्या पालिकेच्या अंदाजपत्रकाची पुस्तिका मिळाली तर उघडून पाहा. प्रत्येक ओळीपुढे साधारण असे आकडे असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भरपूर माहिती दिल्यासारखं वाटतं. पण नीट पाहिलं तर ज्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा दिलाय, त्या वर्षी अंदाज किती केला होता हे त्या पानावर नसतं. ज्या वर्षाचा अंदाज दिलाय, त्याचा प्रत्यक्ष अजून यायचाय. अंदाज आणि प्रत्यक्ष, एकाच वर्षाचे, एकमेकांशेजारी कधी येतच नाहीत. ते ताडून पाहायचे तर दोन-तीन वर्षांच्या पुस्तिका समोर पसरून बसावं लागतं, आणि जुनी पुस्तिका मागायला गेलात तर ‘शोधावी लागेल’ असं उत्तर मिळतं. यात कुणाचं कारस्थान नाही, नमुनाच तसा आहे. पण चुकलेला अंदाज कधीच दिसत नसेल तर तो चुकवायला भीती कशाची?

म्हणून माझी मुख्य मागणी एका रकान्याची आहे. प्रत्येक जमेच्या ओळीपुढे गेल्या तीन पूर्ण वर्षांचा मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष जमा शेजारी शेजारी छापा, आणि पुढे टक्केवारी. त्याला जोडून एक नियम: कोणत्याही ओळीचा नवा अंदाज या प्रत्यक्ष जमेच्या वाढीच्या गतीपेक्षा जास्त धरायचा असेल तर कारण त्याच पानावर लिहायचं आणि वाढीव रकमेवर टेकलेल्या कामांचे कार्यादेश पैसे आल्याशिवाय काढायचे नाहीत. स्वप्नं पाहायला मनाई नाही, त्यांच्यावर सही करायला मनाई असावी. पहिल्या पानावर ‘इतके लाख शिल्लक’ याच्या शेजारी ‘इतक्या कोटींची बिलं देणं बाकी’ हेही त्याच अक्षरात छापलं जावं.

यावर कुणी म्हणेल, राज्यांना तुटीवर मर्यादा घालणारा वित्तीय जबाबदारीचा कायदा आहे, महाराष्ट्रात तो 2005 पासून आहे, तसा पालिकांना लावा आणि गुणोत्तरं ठरवून द्या. गुणोत्तरांचा आपला अनुभव फारसा चांगला नाही. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांचा खर्च, 35 टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर नवी पदं मिळणार नाहीत, असा दंडक आपल्याकडे आहे. हेतू चांगलाच होता. झालं काय, तर पदं रिकामी राहिली आणि माणसं कंत्राटी आली. त्यांचा पगार आस्थापनेत दिसत नाही, सफाईच्या किंवा सुरक्षेच्या ‘सेवा’ खर्चात दिसतो. टक्केवारी पाळली गेली, खर्च होता तिथेच राहिला. आणि रिकाम्या राहिलेल्या पदांत करवसुलीच्या निरीक्षकांची पदं पण असतात, म्हणजे खर्च आवरायला गेलो आणि जमा घालवली. गुणोत्तराला फसवता येतं. शेजारी शेजारी छापलेल्या दोन आकड्यांना फसवणं जरा अवघड जातं.

इथे पालिकांची बाजूही मांडायला हवी, कारण त्यांना उपदेश करणारं राज्य सरकार स्वतः काही सोवळं नाही. नगरपरिषदांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, 1999 मध्ये गेली. महापालिकांना जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर दिला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून वर्षाला 50 कोटींखाली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईची जकात जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा करात विरली. बदल्यात भरपाई मिळते, मुंबई-पुण्यासारख्यांना ती वर्षाला 8 टक्के वाढवून देण्याचं सूत्रही कायद्यात आहे. जकात वाईटच कर होता, नाक्यावरच्या रांगा आणि तिथली हातसफाई ज्यानं पाहिली तो तिच्यासाठी रडणार नाही. पण तो स्वतःचा पैसा होता. आता मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहायची. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये महापालिकांच्या आर्थिक स्थितीवर अहवाल काढला, त्यात दाखवलंय की देशातल्या महापालिकांचा सगळा आर्थिक पसारा राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास वर्षानुवर्षं अडकून पडलाय. निम्मा देश शहरात राहायला निघालाय, आणि शहरांच्या हातात हे.

उरली घरपट्टी. तिच्यावरही माफीची घोषणा करायला राज्यकर्ते पुढे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी 2022 मध्ये माफ झाली. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांना 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत राज्यानं मधे बंद केली आणि 2023 मध्ये पुन्हा दिली. मधल्या काळात पुणेकरांना फरकाची बिलं गेली आणि जो गोंधळ झाला तो झाला. लहान घरांना सवलत देऊ नये असं मी म्हणत नाही. टाळ्या मुंबईत मंत्रालयासमोर आणि खड्डा पालिकेच्या तिजोरीत, ही वाटणी चुकीची आहे. ज्यानं माफी जाहीर केली त्यानं ती रक्कम पालिकेला दरवर्षी भरून द्यावी, आणि ती ‘राज्यानं दिलेली माफी’ अशा वेगळ्या ओळीत दिसावी.

अभय योजनांचंही तसंच. थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. मग दोन-तीन वर्षांनी शास्ती माफ करणारी योजना येते. मार्चमध्ये वसुली पथक थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवतं, सप्टेंबरमध्ये त्याच माणसाला सूट मिळते. दर एप्रिलला रांगेत उभा राहून भरणाऱ्या माणसानं यातून काय शिकायचं? आमच्या शेजारचे एक काका स्पष्ट सांगतात, “मी भरायचं सोडलंय. योजना येईल तेव्हा बघू.” त्यांना बेजबाबदार म्हणता येईल, पण गणित त्यांचं बरोबर आहे.

लोक कर देत नाहीत हे मला अर्धवट खरं वाटतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीनं पिठाची गिरणी घातली आणि जो वर्षाचा कर वेळेवर भरेल त्याचं दळण फुकट करून दिलं. पिण्याचं शुद्ध पाणी, आंघोळीला गरम पाणी अशा सोयी करदात्यांना मिळू लागल्या. वसुली झाली. पाटोद्याच्या कौतुकाची भाषणं आपण खूप ऐकली आहेत, आणि प्रत्येक गावानं गिरणी घालावी असं कुणी समजू नये. त्या दळणातला मुद्दा इतकाच की दिलेला पैसा आठवड्याभरात डब्यात पीठ होऊन परत आलेला दिसतो. शहरातल्या माणसाला त्याची घरपट्टी कुठे गेली हे पुस्तिका समोर ठेवूनही कळत नाही.

मोठ्या शहरांसाठी हीच गोष्ट कर्जाच्या रूपात येते. अहमदाबाद महापालिकेनं 1998 मध्ये 100 कोटींचे कर्जरोखे राज्याच्या हमीशिवाय विकले, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याआधीची चार-पाच वर्षं तिथे काय चाललं होतं याची चर्चा कमी झाली. तोट्यातली महापालिका, जकात आणि मालमत्ता कराची कडक वसुली, थकबाकीदारांवर कारवाई, हिशेबाची नवी पद्धत, मग पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीची श्रेणी, आणि सगळ्यात शेवटी रोखे. पुण्यानं जून 2017 मध्ये 24 तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के व्याजानं विकले, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली. पण योजनेच्या निविदा चढ्या दरानं आल्यामुळे रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि व्याजानं आणलेला पैसा बँकेत ठेव म्हणून पडून राहिला. कर्ज काढणं म्हणजे बेशिस्त असं मी मानत नाही. 30 वर्षं टिकणारी जलवाहिनी एकाच पिढीच्या खिशातून का घालावी? पण कामाचा आराखडा तयार नसताना घंटा वाजवायची घाई केली की व्याज त्याच दिवशी सुरू होतं, पाणी होत नाही.

उलट्या टोकाला मुंबई. एके काळी 90 हजार कोटींच्या वर मुदत ठेवी असलेली महापालिका. शिस्तीचं याहून मोठं उदाहरण कुठलं, असं वरकरणी वाटेल. त्या ठेवींत ठेकेदारांच्या अनामत रकमा, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा आणि भविष्य निर्वाह निधीचाही पैसा असतो, सगळ्या काही महापालिकेच्या मालकीच्या नसतात. पण जो भाग मोकळा होता तो इतकी वर्षं बँकेत होता आणि त्याच वर्षांत शहर दर पावसाळ्यात दादरजवळच्या सखल हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. घरात आजारी माणूस असताना पासबुक भरलेलं ठेवणाऱ्याला आपण जबाबदार म्हणत नाही. आता 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं झालं, त्यातले 43 हजार कोटींहून जास्त भांडवली कामांवर, आणि ठेवी उतरणीला लागल्या आहेत. खर्च व्हायलाच हवा होता. चिंता एवढ्याचीच की एकदम मोठी कामं अंगावर घेतली की त्यांची देणी पुढची पाच-सहा वर्षं येत राहतात, आणि त्यांचा तक्ता मुख्य पुस्तिकेत ठळक दिसत नाही. पुन्हा तोच रकाना.

हे सगळं करणार कोण, असा प्रश्न राहतो. मोठ्या सुधारणेची वाट पाहण्याची गरज नाही. 15 व्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला दोन अटी घातल्या होत्या: हिशेब इंटरनेटवर टाका आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवून वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या गतीनं वाढवा. अट पाळली नाही तर पैसे अडकतात म्हटल्यावर वर्षानुवर्षं न सापडणारे हिशेब सापडले. तशीच अट राज्य सरकार आपल्या अनुदानाला उद्या लावू शकतं, एका शासन निर्णयानं. ग्रामपंचायतीत तर काम आणखी सोपं आहे. अंदाजपत्रकाचा नमुना 1 आणि कराच्या मागणीचा नमुना 9 ग्रामसभेत एकत्र फळ्यावर लावले की पंधरा मिनिटांत गावाला कळतं, किती मागितलं होतं आणि किती आलं.

खरा विरोध वेगळ्या बाजूनं येईल. अंदाज खरे लिहिले तर अंदाजपत्रक आकसेल, कदाचित पाव हिश्श्यानं. ‘क’ वर्ग, म्हणजे छोट्या शहरातल्या, नगरपरिषदेच्या अध्यक्षांना मग पत्रकारांना सांगावं लागेल की यंदा नवीन रस्ते चारच, आणि घरपट्टी थोडी वाढवावी लागेल. लहान पालिकांत तर पगार सहायक अनुदानावर निघतात, स्वतःचं असं थोडंच असतं. तिथे खरा आकडा फारच केविलवाणा दिसेल. दिसू दे. तो केविलवाणा आहे हे कागदावर आल्याशिवाय राज्याकडे वाटा वाढवून मागायला तोंड कुठलं? शिलकी अंदाजपत्रक हातात घेऊन मदत मागायला जाणाऱ्या पालिकेला मंत्रालयानं का विचारावं?

जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांना पुन्हा नगरसेवक मिळाले. बरेच जण पहिल्यांदाच निवडून आलेत, पुस्तिका कशी वाचायची हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही. मी आमच्या पालिकेच्या तीन वर्षांच्या पुस्तिका जमवल्या आहेत, एक झेरॉक्स आहे, तिची काही पानं पुसट आलीत. घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि ‘इतर जमा’ या चार ओळींपुढे समासात पेन्सिलीनं रेघ मारून तो हरवलेला रकाना भरून काढलाय. आमच्या प्रभागाच्या नगरसेविका रविवारी सकाळी कार्यालयात असतात. त्यांना ती पानं नेऊन देणार आहे, आणि ‘इतर जमा’ म्हणजे नक्की काय, एवढं एकच विचारणार आहे.